खांसाहेबांचें गाणें आणि ताराबाईंचें घर

गाणें ऐकून आपल्या मनाचें पुरतें समाधान होत नाहीं. तें गाणारा मनुष्य कसा असेल, याचें एक चित्र आपण मनाशीं रेखाटतोंच. आवाज गोड असला म्हणजे स्वभावही गोड असला पाहिजे, सुरांत विरह असला म्हणजे आयुष्यांतही कोठेंतरी विरह असला पाहिजे, असें आपण गृहीत धरतों. पुढें लोकांच्या तोंडून त्या चित्रांत रंग भरत जातात, आणि कांहीं वर्षांनीं खरा मनुष्य कोणता आणि रसिकांनीं घडविलेला कोणता, हें ओळखणें कठीण होतें. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून संगीताविषयीं मोठा आदर आहे, ही भाग्याचीच गोष्ट. परंतु त्या आदरामुळेंच असें चित्र एकदां देवघराशेजारच्या भिंतीवर टांगलें गेलें कीं त्याच्याकडे चिकित्सक दृष्टीनें पाहणें कोणासही रुचत नाहीं.

आमच्या कृष्णाकांठीं अशा चित्राचें ठळक उदाहरण म्हणजे मिरजेचे खांसाहेब अब्दुल करीम खां. येथें कराडास कृष्णा व कोयना एकमेकींस समोरासमोर मिळतात आणि तेंच पाणी पुढें सांगलीवरून मिरजेच्या बाजूनें वाहत जातें. तेव्हां मिरजेचे खांसाहेब आम्हां कराडकरांस परके नाहींत. कृश बांधा, डोक्यास फेटा, टोकदार मिशा आणि समाधि लागल्यासारखे अर्धे मिटलेले डोळे. हें त्यांचें छायाचित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. त्या छायाचित्रावरून आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरून 'सुरांचा फकीर' अशी त्यांची मूर्ति मराठी मनांत कायमची बसली आहे. ती मूर्ति खोटी आहे, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. ती अर्धी आहे, आणि तिची दुसरी अर्धी बाजू एका बाईच्या घरांत आहे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

खांसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर हिंदुस्थानांतील कैराना या गांवचा. हें गांव आज उत्तर प्रदेश राज्यांत मोडतें. किराणा घराणें हें नांव त्यावरूनच पडलें. गाणें व सारंगी ही त्या कुळाची पिढीजात विद्या. वडील काले खां आणि चुलते अब्दुल्ला खां यांजपाशीं शिक्षण झाल्यावर ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह निरनिराळ्या दरबारांतून गात गात बडोद्यास आले. तेथेंच ताराबाई माने या त्यांच्या शिष्या झाल्या. ताराबाई सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. कुळ राजघराण्याच्या नात्यांतलें. गुरु परप्रांतीय मुसलमान गवई आणि शिष्या मराठा सरदाराची मुलगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा विवाहास कोणतें घर संमति देणार? दोघेंही बडोदें सोडून मुंबईस गेलीं आणि पुढें मिरजेस येऊन राहिलीं.

मिरज म्हणजे गाण्यानें भारलेलें गांव. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचें वास्तव्य या गांवीं पुष्कळ काळ होतें, आणि त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर येथें शिकून पुढें देशभर गेले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, मीरासाहेबांचा दर्गा आणि त्याच्या परिसरांत सतार-तंबोरे घडविणारे कारागीर, असा तो सगळा संसार होता. पंढरपुराकडचे भोपळे आणून त्यांचे तंबोरे करण्याचा हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आला असून २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. खांसाहेबांस स्वतःस वाद्यांच्या दुरुस्तीचें उत्तम ज्ञान होतें. तंबोरा जुळविण्यांत ते जो वेळ घालवीत, तो गाण्याच्या आधींचा वेळ नसून गाण्याचाच पहिला भाग असे, असें जाणते लोक सांगत आले आहेत.

त्यांच्या गाण्याचें वैशिष्ट्य काय, हें संगीत न शिकलेल्या वाचकांसही समजण्याजोगें आहे. आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि रेशमाच्या धाग्यासारखा अखंड. रागाचा एकेक स्वर हातीं घ्यावा, त्याला आजूबाजूंनीं न्याहाळावें, त्याच्यापाशीं थांबावें, आणि तो पुरता आपलासा झाल्यावरच पुढच्या स्वराकडे वळावें, अशी ती सावकाश बढत. तबल्याशीं झुंज घेणें, तानांचा पाऊस पाडून श्रोत्यांस दिपविणें, हें त्यांच्या प्रकृतींत नव्हतें. लयीकडे त्यांचें दुर्लक्ष होतें, असा आक्षेप इतर घराण्यांचे अभिमानी घेत आले आहेत. त्यांत तथ्य असेल तर एवढेंच कीं, ज्याला स्वराच्या गाभ्यांत शिरावयाचें आहे त्याला घाई करून चालत नाहीं. म्हैसूर दरबाराच्या निमित्तानें दक्षिणेंत त्यांचें जाणें-येणें असे. तिकडच्या सरगमाचा प्रकार त्यांनीं आपल्या ख्यालांत मुरविला आणि खरहरप्रिया व सावेरी हे कर्नाटकी राग ध्वनिमुद्रिकेंतही गायिले. उत्तरेकडचा उस्ताद दक्षिणेच्या पंडितांपुढें विद्यार्थ्याच्या नम्रतेनें बसतो, हें त्या काळीं दुर्मिळ होतें.

हीच जिज्ञासा सांगलीच्या एका प्रकरणांत दिसून येते. 'संगीत शारदा' लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधु कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर बावीस श्रुतींच्या शोधास लागले. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'सारख्या ग्रंथांतून ज्या श्रुतींचें विवेचन येतें, त्या प्रत्यक्ष गळ्यांतून निघतात कोठें, हें मोजावयाचें कसें? त्यासाठीं बिनचूक स्वर लावणारा गवई हवा होता, आणि तो खांसाहेबांच्या रूपानें मिळाला. देवल व क्लेमेंट्स नांवाचे इंग्रज न्यायाधीश यांच्या प्रयोगांस खांसाहेबांनीं आपला गळा उसना दिला. १९१६ सालीं बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हां या श्रुतींच्या पेटीवरून मोठा वाद झाला. विष्णु नारायण भातखंडे यांस ती मांडणी मान्य नव्हती. वादाचा निर्णय कांहींही असो. उस्ताद म्हणजे विद्या झांकून ठेवणारा, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो येथें लागू पडत नाहीं, हें उघड आहे.

विद्यादानाविषयीं त्यांची वृत्ति तशीच होती. विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. खांसाहेबांनीं १९१३ च्या सुमारास पुण्यांत आर्य संगीत विद्यालय चालू केलें. दोघेही १८७२ सालीं जन्मलेले, दोघांचाही मिरजेशीं संबंध. परंतु दोघांचे मार्ग भिन्न. एकानें अभ्यासक्रम, पुस्तकें, परीक्षा यांची शिस्त बसविली. दुसऱ्यानें विद्यार्थी घरांत ठेवून, आपल्याबरोबर जेवूं घालून, पहांटेपासून स्वर घोटून घेतले. येणाऱ्याची जात अथवा धर्म त्यांनीं विचारला नाहीं. खर्चासाठीं तिकिटें लावून जलसे करावे आणि त्या पैशावर शाळा चालवावी, असा तो व्यवहार होता. त्यांनीं एका कुत्र्यास सुरांत ओरडावयास शिकविलें होतें, अशीही एक आख्यायिका सांगतात. तिच्या खरेखोटेपणापेक्षां, हा मनुष्य कोणासही सूर शिकवील, हा लोकांचा विश्वासच तींतून प्रकट होतो.

येथवरचें चित्र निर्मळ आहे, आणि बहुतेक लेखक येथेंच थांबतात. परंतु आम्हांस येथें थांबतां येत नाहीं. कारण घरांत विद्यार्थी ठेवले म्हणजे त्यांच्या जेवणाखाण्याची, दुखण्याबाण्याची, भांडणतंट्याची व्यवस्था कोणास तरी लावावी लागते. मोठ्या एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिवाय पोटचीं पांच मुलें: दोन मुलगे व तीन मुली. ज्या बाईनें बापाचें सरदारी घर कायमचें सोडलें, तिला माहेर म्हणून परत जाण्यास जागा नव्हती. तिचें सगळें जग त्या गाण्याच्या घरांतच होतें. तें घर १९२२ च्या सुमारास मोडलें. ताराबाई मुलांस घेऊन वेगळ्या झाल्या.

कां वेगळ्या झाल्या, याविषयीं पुष्कळ तर्क लढविले गेले आहेत. पति-पत्नींमधील गोष्ट त्या दोघांसच ठाऊक. तिसऱ्यानें न्यायासनावर बसण्यांत शहाणपण नाहीं. मात्र वेगळें झाल्यावर ताराबाईंनीं काय केलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं मुलांचीं नांवें बदललीं. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली ही हिराबाई झाली, गुलाब ही कमलाबाई झाली, सकीना ही सरस्वती झाली, आणि दुसरे पुत्र कृष्णराव माने म्हणून ओळखले जाऊं लागले. नांव बदलणें ही आपल्याकडे लहानसहान गोष्ट नव्हे. मुलींचीं नांवें लग्नांत बदलतात, तीं नवऱ्याच्या घरासाठीं. येथें एका आईनें पांच मुलांस स्वतःच्या माहेरचें आडनांव दिलें. ज्या माहेरानें तिला दूर केलें, त्याचेंच आडनांव घेऊन तिनें समाजापुढें उभें राहण्याचें ठरविलें, यांतील धैर्य आणि दुःख या दोहोंचीही कल्पना वाचकांनींच करावी.

कांहीं वर्षांपूर्वीं येथील एका जुन्या वाड्यांत संध्याकाळीं मोबाइलवर खांसाहेबांची भैरवी लागली होती. घरांतील वडील मंडळी माना डोलवीत होती, आणि एक गृहस्थ मोठ्या भक्तिभावानें म्हणाले, "बायको सोडून गेली आणि मग या आवाजांत ही आर्तता आली. नाहींतर असें गाणें झालेंच नसतें." घरची धाकटी सून चहा घेऊन आली होती. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, मग त्या पांच मुलांना वाढवलं कोणी? त्यांचं दुःख कोणाच्या आवाजात आलं?" क्षणभर कोणीच बोललें नाहीं. आमच्या मतें खांसाहेबांविषयींच्या सगळ्या चर्चेत याहून नेमका प्रश्न क्वचितच विचारला गेला असेल.

आर्ततेची ती उपपत्ति पुष्कळ ठिकाणीं छापली गेली आहे, म्हणून तिचा थोडा विचार केला पाहिजे. खांसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या आणि ज्या आज घरोघर ऐकल्या जातात त्या बहुतेक १९३० नंतरच्या. दोहोंमध्यें फरक जाणवतो, हें खरें. परंतु पहिल्या काळीं गवयास एका कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. विजेचा ध्वनिग्राहक १९२५ नंतर आला आणि मग हळुवार श्वासही तबकडीवर उमटूं लागला. तेव्हां उत्तरकाळीं जी सूक्ष्म कंपनें आपणांस ऐकूं येतात, त्यांत यंत्राचा वाटा किती, वयाचा किती, चाळीस वर्षांच्या रियाजाचा किती आणि दुःखाचा किती, याची वांटणी कोण करणार? दुःखाचा वाटा नसेलच असें नाहीं. पण "ती गेली म्हणून गाणें झालें" असें म्हणतांना आपण एका बाईच्या सोसण्यास कलेची समिधा ठरवितों आणि मग तिचें नांवही विसरतों. हा न्याय नव्हे.

आतां त्या सुनेच्या प्रश्नाचें उत्तर पाहूं. तें उत्तर सुदैवानें इतिहासांतच आहे. दुःख वांट्यास आलेल्या त्या मुलांनींही सूरच धरला. सुरेशबाबूंनीं वडिलांची गायकी आत्मसात केली होती. त्यांनीं बहिणींस शिकविलें. हिराबाईंस त्यांच्याबरोबर अब्दुल वहीद खां यांचीही तालीम मिळाली. नूतन संगीत विद्यालय आणि त्याची नाट्यशाखा या नांवानें या भावंडांनीं शिक्षणाचा व नाटकाचा संसार मांडला; त्यांच्या नाटकांतून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. पुरुष गवयांची मैफल प्रतिष्ठित आणि बाईनें चारचौघांत गाणें हें कमीपणाचें, अशा काळांत तिकीट लावून सभागृहांत गाणाऱ्या पहिल्या कांहीं स्त्रियांमध्यें हिराबाई बडोदेकर यांची गणना होते. साधें नऊवारी लुगडें, डोक्यावर पदर, हातवारे नाहींत, चेहऱ्यावर शांत भाव. सभ्य घरांतील बायकांनीं मुलींस घेऊन त्यांचें गाणें ऐकावयास जावें आणि घरीं आल्यावर त्या मुलींनीं गाणें शिकण्याचा हट्ट धरावा, हें त्यांच्यामुळें घडूं लागलें. १९७० सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें आणि १९८९ सालीं त्या वारल्या. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांचा आवाज १९४३ सालच्या 'रामराज्य' चित्रपटामुळें देशभर पोंचला. माणिक वर्मा व प्रभा अत्रे या सुरेशबाबू व हिराबाई यांच्यापाशीं शिकल्या. म्हणजे आज महाराष्ट्रांतील घरांतून मुली निःसंकोचपणें तंबोरा घेऊन बसतात, त्याच्या मुळाशीं ताराबाईंचें तें मोडलेलें घर आहे.

दुसरीकडे खांसाहेबांचा शिष्यपरिवार वाढत गेला. कुंदगोळचे रामभाऊ म्हणजेच सवाई गंधर्व हे त्यांतील अग्रगण्य. दशरथबुवा मुळे, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम अशीं कितीतरी नांवें सांगतां येतील. उत्तरायुष्यांत त्यांनीं आपल्या शिष्या बानूबाई लाटकर यांच्याशीं विवाह केला. त्याच पुढें सरस्वतीबाई मिरजकर म्हणून प्रसिद्धीस आल्या. सवाई गंधर्वांपासून गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी ही पिढी निघाली. लहानपणीं ऐकलेली खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी भीमसेनांच्या मनांत घर करून राहिली आणि त्या ओढीनें ते गाण्याकडे वळले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तीन साडेतीन मिनिटांची एक तबकडी एका मुलाचें आयुष्य बदलते, यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र कोणत्या गवयास हवें?

खांसाहेबांचा शेवट त्यांच्या प्रतिमेस शोभेल असाच झाला. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत मद्रासेहून पांडिचेरीस जातांना गाडींत त्यांची प्रकृति बिघडली. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर बिछाना घातला, आणि दरबारी कानड्याच्या सुरांत परमेश्वराची प्रार्थना करीत असतांना त्यांनीं देह ठेविला, असें सांगतात. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्याचें दफन करण्यांत आलें. पुढें उरुसाच्या वेळीं तेथें त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरूं लागली. मोठमोठे कलावंत तेथें बिदागीचा विचार न करतां हजेरी लावीत आले. मशिदीच्या दारीं हिंदु गवई भजन गातो आणि कोणास त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं, ही मिरजेची रीत खांसाहेबांच्या वारशाचाच भाग समजली पाहिजे.

तर मग खरे खांसाहेब कोणते? शिष्यांस घरच्या मुलांप्रमाणें वागविणारे, कीं ज्यांच्या घरचीं मुलें दुसऱ्या नांवानें वाढलीं ते? आमचें उत्तर असें कीं, दोन्ही. मनुष्याचे गुण एका खोलींत आणि उणीवा दुसऱ्या खोलींत, अशी व्यवस्था विधात्यानें केलेली नाहीं. गवयाला संत करून टाकलें म्हणजे त्याच्या घरच्या माणसांच्या वांट्यास केवळ त्याच्या तपश्चर्येतील विघ्नाची भूमिका येते. आणि घरच्या गोष्टीवरून त्याला दोषी ठरविलें तर पहांटे उठून घोटलेल्या त्या स्वरांचा अपमान होतो. त्यापेक्षां त्यांस कलावंत म्हणून वंदन करावें आणि मनुष्य म्हणून समजून घ्यावें, हें बरें. कलेचें ऋण मान्य करण्यासाठीं कोणाचें तरी दुःख झांकून ठेवावें लागत नाहीं.

पुण्यांत १९५३ सालीं सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो महोत्सव सुरू झाला, त्याच्या मांडवांत आम्हांस या गोष्टीचें प्रत्यक्ष दर्शन घडतें. शिष्यशाखेचे भीमसेन आणि कन्याशाखेच्या हिराबाई व त्यांच्या शिष्या प्रभाताई या एकाच व्यासपीठावर गाऊन गेल्या. बापाच्या घरून आलेला सूर आणि आईच्या घरून आलेला सूर निरनिराळ्या वाटांनीं फिरून पुन्हां एकत्र आले. ऐकणारांस त्यांतील एक दुसऱ्याहून हलका वाटला नाहीं. भीमसेन २०११ सालीं आणि प्रभाताई २०२४ सालीं गेल्या. परंतु दोहोंकडचे शिष्य आज गात आहेत.

वाचकांस आमची विनंति लहानशीच आहे. घरांत खांसाहेबांची एखादी ध्वनिमुद्रिका लागली आणि मुलांनीं विचारलें कीं हे कोण, तर कैराना सांगावें, मिरज सांगावी, सवाई गंधर्व सांगावे. आणि त्याच दमांत ताराबाई माने हें नांवही सांगावें. मग हिराबाईंची एक तबकडी लावावी आणि मुलांसच विचारावें, या दोन आवाजांत कांहीं नातें ऐकूं येतें काय? लहान मुलांचे कान निर्मळ असतात. त्यांना तें नातें सांगावें लागणार नाहीं.